टॉर्चच्या सेलची तुलना करताना दर वेळी वेगळा आकडा येतो? आधी चाचणी दुरुस्त करा

तक्रारी साधारण तीनच प्रकारच्या असतात. "मालक, नवा सेल टाकला तरी जुन्याइतकाच चालतो." दुसरी, "मागच्या आठवड्यात चार तास गेला, काल दोन तासांत मान टाकली." आणि तिसरी, सगळ्यात चिडून सांगितलेली: "शेजाऱ्याचा साध्या सेलवरचा टॉर्च रात्रभर जळतो, आणि माझा महागाचा लिथियमवाला तीन तासांत बंद." मोहोळ असो, माढा असो की दक्षिण सोलापूर, शेतीपंपाला रात्रीची पाळी लागली की या तक्रारी वाढतात. मोटर चालू करायला बांधावरून जायचं असतं, पुढं पडलंय ते पाइप आहे की घोणस हे दिसायला पाहिजे, आणि नेमका तेव्हाच उजेड पिवळा पडतो.

मग घरी चाचणी होते. दोन्ही टॉर्च चालू करून कोनाड्यात ठेवायचे, झोपायचं, सकाळी उठून बघायचं कुठला अजून लागलाय. या चाचणीतून काही कळत नाही, कारण "चालतो" म्हणजे काय हेच ठरलेलं नसतं. साधा जस्त-कार्बनचा सेल चढउताराशिवाय हळूहळू उतरत जातो. शेवटचे कित्येक तास त्याचा एलईडी लागलेला असतो खरा, पण त्या उजेडात कुलपाचं भोकही सापडणार नाही. लिथियम सेलच्या चांगल्या टॉर्चमध्ये सर्किट असतं. ते उजेड जमेल तितका धरून ठेवतं आणि सेल रिकामा झाला की एकदम बंद करतं. सकाळी उठून बघणाऱ्याला पहिला जिंकलेला दिसतो. म्हणून घड्याळ थांबवायचं ते उजेड ठरलेल्या रेषेखाली गेला की. टॉर्च पूर्ण विझेपर्यंत वाट बघायची नाही.

उजेड मोजायचा कसा

लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, विकत आणायची गरज नाही. बहुतेक मोबाइलमध्ये समोरच्या कॅमेऱ्याजवळ उजेडाचा सेन्सर असतो आणि त्याचा आकडा दाखवणारी ॲप फुकट मिळतात. हा आकडा प्रयोगशाळेसारखा अचूक नसतो, पण आपल्याला खरे लक्स नकोच आहेत. सुरुवातीच्या मानाने आता किती उरलं, एवढंच हवं.

खोली पूर्ण अंधारी करा. टॉर्च तोंड वर करून टेबलावर उभा ठेवा, उजेड छताला लागून खाली सांडू दे. मोबाइल हातभर अंतरावर पालथा न घालता सपाट ठेवा आणि टॉर्च व मोबाइल दोघांच्या जागा खडूने आखून घ्या. छत पांढरं असो की पत्र्याचं, फरक पडत नाही. चाचण्यांच्या मधे खोली बदलायची नाही, एवढंच. टॉर्च लावण्याआधी अंधारातला आकडा बघा, तो शून्य किंवा शून्याजवळ यायला हवा. हल्ली काही मोबाइलचा सेन्सर स्क्रीनच्या खाली असतो, त्यात स्क्रीनचाच उजेड मिसळतो. अशा वेळी ब्राइटनेस अगदी कमी करा. सुरुवातीचा आकडाच पन्नासच्या आत येत असेल तर मोबाइल टॉर्चच्या जवळ आणा, नाहीतर शेवटी शेवटी तीन आणि चार यांतला फरक मोजत बसाल.

डोळ्यांवर विसंबू नका. उजेड निम्मा झाला तरी डोळ्यांना "थोडा कमी वाटतोय" इतकंच वाटतं, आणि हळूहळू निम्मा झाला तर तेही वाटत नाही.

टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी पहिला आकडा घ्या आणि त्याला १०० धरा. मग दर दहा मिनिटांनी एक आकडा वहीत. ३० सेकंद हे मी काढलेलं नाही. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी 'एफएल १' नावाचं मानक आलं, आणि चांगल्या टॉर्चच्या खोक्यावर घड्याळाच्या चित्राशेजारी जे तास छापलेले असतात ते त्या पद्धतीचे असतात: लावल्यापासून ३० सेकंदांनी जो उजेड, तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ.

आता यातली गोम बघा. मोठा टॉर्च फुल्लवर १००० लुमेनने (लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) सुरू होतो, दोन-तीन मिनिटांत तापू नये म्हणून स्वतःच ३०० वर उतरतो आणि तिथे तासन्‌तास राहतो. खोक्यावरचे तास १०० लुमेनपर्यंतचे. कंपनीने खोटं काही लिहिलेलं नसतं, पण १००० लुमेन तितके तास मिळतील असं समजून घेणारा फसतो. म्हणून मी वहीत दोन वेळा लिहितो: उजेड निम्म्यावर कधी आला आणि दहा टक्क्यांवर कधी आला. रानात जाणाऱ्याला पहिली वेळ कामाची. घरात लाईट गेल्यावर पाणी भरायला दुसरीही चालते.

सेल-सेलची तुलना करायची असेल तर फुल्लवर करूच नका. मधला मोड घ्या. फुल्लवर टॉर्च सेलपेक्षा स्वतःच्या तापण्याकडे जास्त बघतो, आणि तुम्ही सेलच्या नावाखाली टॉर्चचं हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, मोजत बसता.

तोच सेल, तोच टॉर्च, तरी वेळ वेगळी

हा प्रश्न आधी सोडवायचा, कारण तो सुटल्याशिवाय दोन वेगळ्या सेलची तुलना करण्यात अर्थ नाही. कसोटी सोपी आहे: एकाच सेलवर एकच चाचणी दोनदा करा. दोन वेळांत पंधरा-वीस मिनिटांचा फरक येत असेल आणि दोन वेगळ्या सेलमधला फरकही तेवढाच असेल, तर तुम्हाला सेलबद्दल काहीही कळलेलं नाही.

फरक येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सेल दर वेळी सारखा भरलेला नसणं. चार्जरचा दिवा हिरवा झाला म्हणजे भरला, असं धरून चालू नका. चार्जरवरून काढून अर्ध्या तासाने मल्टिमीटर लावा. लिथियम सेल ४.१५ ते ४.२० व्होल्ट दाखवायला हवा. ४.०५ दाखवत असेल तर चार्जर आधीच थांबतोय आणि दहा-पंधरा टक्के वेळ तिथेच गेला. ४.२५ च्या वर दाखवत असेल तर तो चार्जर वापरणं बंद करा, तिथे वेळेचा प्रश्न राहिलेला नाही, सुरक्षेचा झालाय. टॉर्च चार्जिंगला लावून चालू ठेवणारेही बरेच असतात. त्यात सेल पूर्ण भरल्याची खूण सर्किटला नीट कळत नाही.

दुसरं कारण सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. बहुतेक लिथियम सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा दिलेली असते. दुपारी दोनला पत्र्याखाली चार्ज केलेला सेल त्या मर्यादेला टेकलेला असतो. त्या दिवशी कदाचित काही दिसणार नाही, पण सेलचं आयुष्य तिथे झिजतं. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करा.

आणि पंखा. हे ऐकून लोक हसतात, पण तापमान बघून उजेड कमी-जास्त करणारा टॉर्च पंख्याखाली ठेवला तर लवकर संपतो. गार राहिल्यामुळे तो उजेड कमी करत नाही, सेल जास्त ओढतो. बंद खोलीत तोच टॉर्च तापतो, स्वतःला आवरतो आणि जास्त वेळ चालतो. एका चाचणीला पंखा चालू आणि दुसऱ्याला लाईट गेलेली, असं झालं तर ती जोडी रद्द करा.

तिसरं, संपर्क. टॉर्चच्या धातूच्या अंगातूनच करंट परत येतो, त्यामुळे मागच्या टोपीच्या आट्यांमध्ये साचलेली माती म्हणजे मधे बसवलेला रेझिस्टरच, करंट अडवणारा. एक अँपिअर करंटला आट्यांमध्ये ०.१ ओहम असेल तर ०.१ व्होल्ट तिथेच जातो. सर्किट नसलेल्या साध्या टॉर्चमध्ये एवढ्याने उजेड डोळ्यांना कळेल इतका उतरतो, कारण एलईडीला व्होल्टेज जरा कमी मिळालं की त्याचा करंट खूप कमी होतो. आटे, स्प्रिंग आणि सेलची दोन्ही टोकं कापडाने पुसा, काळपट असेल तर खोडरबर घासा. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड जमली असेल तर कापसाने थोडं व्हिनेगर लावा, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. साफ केल्यावर चाचणी पुन्हा पहिल्यापासून. साफ करण्याआधीचे आकडे कशाशीच जुळवायचे नाहीत.

नवा सेल, पण जुन्याइतकाच

इथे बहुतेक वेळा सेलवर छापलेला आकडाच खोटा असतो. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर उंचीचा लिथियम सेल बाजारात सहसा ३५००-३६०० एमएएचपर्यंतचाच मिळतो (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). सोलापूरच्या नवी पेठेत फिरा, आठवडी बाजारात फिरा, त्याच मापाच्या सेलवर ६०००, ९००० असे आकडे छापलेले दिसतील. असा सेल जगात कुणी बनवत नाही. त्यात साधारण हजार-बाराशेचा, कधी त्याहून कमीचा, बरेचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला माल असतो.

पहिली परीक्षा फुकट आहे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सेल ठेवा. चांगला १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे. वजन बरोबर असलं म्हणजे सेल चांगलाच असं नाही, पण वजनात नापास झालेल्याला पुढची परीक्षा द्यायला लावू नका.

दुसरी परीक्षा गणिताची. २५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे ९ वॅट-तास. चांगला एलईडी एका वॅटला सुमारे १०० लुमेन देतो. म्हणजे १००० लुमेनला १० वॅट, आणि हा सेल तासाभराच्या आत संपणार. "१००० लुमेन, १० तास, एकच सेल" असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर ते खरं करायला अकरा-बारा सेल लागतील. खोकं वाचतानाच हा हिशेब केला तर बऱ्याच चाचण्या वाचतात.

तिसरी परीक्षा जुन्या सेलसाठी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ३.९ ओहमचा १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आणा. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज बघा, मग पाच सेकंद रेझिस्टर लावून तेव्हाचं बघा. साधारण एक अँपिअर करंट जातो. ४.१८ वरून ४.१० वर आला तर ठीक. ३.९ च्या खाली घसरला तर सेल आतून थकलाय. त्याची क्षमता कागदावर बरी दिसेल, पण मोठ्या टॉर्चमध्ये तो टिकणार नाही. रेझिस्टर चांगलाच तापतो, हातात धरू नका. आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून थेट सेलच्या दोन टोकांना कधीच लावू नका. तो शॉर्टच आहे. फ्यूज, मीटर किंवा बोट, तिघांपैकी कुणीतरी जातं.

सेल टॉर्चमधून निघतच नसेल आणि चार्जिंग यूएसबीने होत असेल, तर यूएसबी मीटर मधे लावून आत किती एमएएच गेले ते बघा. स्वस्त टॉर्चमध्ये बहुधा साधी लिनिअर चार्जिंग चिप असते, त्यात जितका करंट आत जातो जवळपास तितकाच सेलला मिळतो. पूर्ण संपलेला टॉर्च भरायला ९०० एमएएच लागले, तर खोक्यावर ४००० का लिहिलंय ते दुकानदारालाच विचारा.

तीन पेन्सिल सेलचा टॉर्च

तीन सेल एकामागे एक असतात तेव्हा टॉर्चची वेळ सगळ्यात कमकुवत सेल ठरवतो, तिघांची सरासरी नाही. आडमुठा बैल जोडीला असला की दुसऱ्याच्या ताकदीचा उपयोग नाही, तसंच. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये तर कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याची प्लस-मायनस टोकं उलटी होतात, त्यामुळे तो आणखी बिघडतो. म्हणून संच कायम एकत्र ठेवा, सेलवर मार्करने अ, ब, क लिहा. टॉर्च मंद झाल्या झाल्या तिन्ही बाहेर काढून प्रत्येकाचं व्होल्टेज बघा. दोन १.२ ला आणि एक ०.९ ला असेल तर गुन्हेगार सापडला. एकच नवा टाकून दोन जुन्यांबरोबर चालवू नका, आता गुन्हेगार ते दोघं होतील.

कपाटात महिनोन्‌महिने पडलेले हे सेल पहिल्या चार्जला कमी चालतात. दोन-तीनदा भरून-रिकामे केल्यावरच त्यांचा आकडा खरा धरा. त्यांची छापील क्षमताही सावकाश, म्हणजे पाच तासांत रिकामं करताना, १.० व्होल्टपर्यंत मोजलेली असते. तुमचा टॉर्च तासात रिकामं करत असेल तर आकडा थोडा कमी येणार, त्यात सेलचा दोष नाही.

साधे सेल: सलग जाळून मोजू नका

मोठ्या जस्त-कार्बन सेलची सलग चाचणी हा त्यांच्यावर अन्याय आहे. या सेलला विश्रांती दिली की तो थोडा सावरतो. ड्राय सेलच्या टॉर्चसाठीच्या एका प्रमाणित चाचणीत ४ मिनिटं चालू, ११ मिनिटं बंद, असं दिवसातले ८ तास चालवतात, प्रत्येक सेल ०.९ व्होल्टला येईपर्यंत. बांधावर जाणारा माणूसही टॉर्च असाच वापरतो: लाव, बघ, बंद कर. घरी करायचं तर मोबाइलवर गजर लावून करता येतं, कंटाळवाणं आहे पण आकडा खरा येतो. सेलच्या अंगावर आर६ किंवा आर२० असेल तर जस्त-कार्बन, एलआर६ किंवा एलआर२० असेल तर अल्कलाइन. हे दोन एकमेकांशी तोलायचे असतील तर मुदतीची तारीखही जुळवा. दुकानात उन्हात ठेवलेल्या सेलपुढे तारखेचाही भरवसा नाही, हे वेगळं.

४ व्होल्टवाला चार्जिंगचा टॉर्च

बाजारात सर्रास मिळतो, पिन बाहेर काढून थेट बोर्डात खुपसायचा. आत बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी असते. ही रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि क्षमता परत येत नाही. "दोन महिने वापरलाच नाही, तरी बिघडला" असं म्हणतात. बिघडला तो न वापरल्यामुळेच. भरून काही तास तसाच ठेवला की ४.२ व्होल्टच्या वर हवा, आणि चालू असताना ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका. अशा टॉर्चची पूर्ण विझेपर्यंत चाचणी घेणं म्हणजे बॅटरी मारणं. निम्म्या उजेडाची वेळ घ्या आणि लगेच चार्जिंगला लावा. उष्णता हिचीही वैरी: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा या बॅटऱ्यांचा ढोबळ नियम आहे.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. यातल्या बऱ्याच टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. बोर्डात असताना आतला कुठलाही भाग २३० व्होल्टला असू शकतो. उघडून मीटर लावायचं असेल तर आधी बोर्डातून काढा.

आकडे जुळले, सेल चांगला निघाला, तरी टॉर्च मंदच

मग स्विच बघा. मागची टोपी काढा, मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवा, एक टोक सेलच्या मागच्या बाजूला आणि दुसरं टॉर्चच्या कडेला, जिथे रंग नाही तिथे. टॉर्च लागेल. टोपी लावल्यावर जितका उजेड होता त्याहून स्पष्ट जास्त दिसला, तर टोपीतला स्विच करंट खातोय, तो बदला. मीटरच्या वायरींचाही थोडा रोध असतो, त्यामुळे दिसणारा अँपिअर खऱ्यापेक्षा जरा कमी असतो, एवढं लक्षात ठेवा.

चाचणीत नापास झालेले लिथियम सेल, २ व्होल्टच्या खाली गेलेले, फुगलेले, गंजलेले, परत चार्ज करून बघू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि घंटागाडीत टाकू नका. चेंदला गेलेला लिथियम सेल कचऱ्यात पेट घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून सेल घेतलेल्या दुकानात आधी विचारा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.